गैरहजरांच्या जागी भोयर गुरुजी

परवा सकाळी दाराखालून एक रंगीत पत्रक आत सरकलं. वर हात जोडलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ‘आपला हक्काचा प्रतिनिधी’. मी चष्मा लावून ते पुन्हा वाचलं आणि एकटीच हसत सुटले. सून स्वयंपाकघरातून डोकावली, आई कोणाशी बोलून राहिल्या म्हणून. कोणाशी नाही बाई. आमचे भोयर गुरुजी असते तर हे पत्रक घेऊन त्या उमेदवाराच्या घरी गेले असते, ओट्यावर बसले असते आणि त्याला विचारलं असतं, तू नेमका कोणाच्या जागी? आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठले नसते.

मी तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. माणसं काही कमी नाही पाहिली. तिकीट मागितलं की डोळे मिटून घेणारी पाहिली, मिशा फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणारी पाहिली. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि धीर लहान आहे, हे मी आधीच सांगून टाकते. पण भोयर गुरुजींसारखा माणूस मला तीस वर्षांत कुठल्या गाडीत भेटला नाही. रिटायर होऊन नंदनवन भागातल्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, घर बांधलं, तेव्हा तो थेट समोरच्या गेटात उभा.

बारीक अंगाचे, पांढऱ्या शर्टाचं गळ्याचं बटन मे महिन्यातही लावलेलं, डोक्याला दुपट्टा, कानावर पेन्सिल. जवळ एक सायकल होती. तिच्यावर बसलेलं मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं, बहुतेक वेळा ते तिला धरून चालायचे. खापरखेड्याच्या एका शाळेत त्यांनी उभी हयात मराठी आणि संस्कृत शिकवण्यात घालवली होती. बायको वारलेली, मुलगा वर्धा रोडला मोठ्या फ्लॅटात. हे इथे एकटे. बोलायचे ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध. पण आतून काही हललं की शुद्ध मराठी सुटायची आणि खाली त्यांच्या गावची वऱ्हाडी निघायची. आम्ही लेआउटवाले त्यावरूनच अंदाज बांधायचो. ‘मला’चं ‘मले’ झालं की आपण निमूटपणे घरी जायचं.

आणि एक खोड. शब्द कानावर पडला की यांचा प्रश्न ठरलेला, त्याचं मूळ काय? भाजीवाली बाई गेटाशी ओरडली, ताजी मेथी घ्या. गुरुजी म्हणाले, ताजी हा शब्द फारशी आहे. ती बिचारी घाबरून म्हणाली, नाही जी, फारशी नाही, उमरेडची हाय, आज पहाटेच तोडली. गुरुजींनी तिला उभं करून दहा मिनिटं फारशी भाषा समजावून सांगितली. तेवढ्यात मेथी कोमेजली, ती शेवटी त्यांनीच विकत घेतली.

लेआउटमध्ये ते प्रतिनिधी कसे झाले, ती गंमत सांगते. आमच्या गल्लीत एक बिल्डर इमारत बांधून राहिला होता आणि त्याच्या रेतीचा ढीग बरोबर रस्त्याच्या मध्यात. स्कूटर घसरायच्या, म्हातारी माणसं पडायची. मीटिंग बोलावली. अठ्ठावीस प्लॉटांची माणसं जमली, सगळी तावातावानं बोलली. मग कोणीतरी म्हटलं की आपला एक प्रतिनिधी निवडून बिल्डरकडे पाठवू, आणि त्याबरोबर सगळे एकदम गप्प. कोणाच्या घरी पाहुणे येणार होते, कोणाचा गुडघा दुखत होता. मी म्हटलं असतं मी जाते, पण मी गेले की भांडण होते आणि काम राहून जाते, हे लेआउटला माहीत होतं.

गुरुजी मागच्या खुर्चीवरून उठले. म्हणाले, आधी प्रतिनिधी म्हणजे काय ते ठरवा. एक जण म्हणाला, त्यात काय ठरवायचं, निधी आणतो तो प्रतिनिधी. गुरुजींनी डोळे मिटले. त्यांना दुखलं की ते डोळे मिटायचे.

मग त्यांनी सांगितलं ते मला अजून तोंडपाठ आहे. निधी म्हणजे ठेवलेलं. प्रतिनिधी म्हणजे एखाद्याच्या जागी ठेवलेलं. हा शब्द निवडणुकीतून नाही आला, यज्ञातून आला. यज्ञाला तांदूळ लागतो आणि तांदूळच मिळाला नाही, तर त्याच्या जागी रानातला देवभात ठेवायचा. तो देवभात म्हणजे तांदळाचा प्रतिनिधी. पुढे राजाच्या जागी काम पाहणाऱ्यालाही हेच नाव मिळालं, आणि मग आपल्या सगळ्यांच्या जागी जाऊन बसणाऱ्याला. आमदार म्हणाल तर त्यातला आम अरबी आणि दार फारशी, वकील अरबी. पण प्रतिनिधी आपल्या घरातला.

“पूजेत देवाला घालायला दागिना नसला की भटजी काय म्हणतात?” त्यांनी विचारलं. “अलंकारार्थे अक्षता. दागिना नाही, म्हणून चार अक्षता वाहायच्या. देव मान्य करतो. पण म्हणून अक्षतांना वाटलं का, की आपण दागिना झालो?”

गुरुजी पुढे म्हणाले की जुन्या पोथ्यांत याचा आणखी एक नियम आहे. तांदळाच्या जागी दुसरं धान्य चालतं, पण यजमानाच्या जागी दुसरा माणूस चालत नाही. ज्याचा यज्ञ, तो स्वतः लागतो. आणि खरी वस्तू हजर असली तर बदलीची वस्तू ठेवायचीच नाही. हे सगळं सांगायला त्यांना पाऊण तास लागला. डासांनी आमचे पाय फोडून काढले. मग कोणीतरी सुचवलं की गुरुजींनाच प्रतिनिधी करू या, आणि एकमतानं ठराव झाला. त्या एकमतात डासांचा वाटा किती आणि गुरुजींच्या विद्वत्तेचा किती, हे मी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन घरोघर फिरले. त्यांची पद्धतच ती होती. तुम्ही जे बोललात ते तुमच्याच शब्दांत, एक अक्षर इकडेतिकडे न करता लिहायचं, तुम्हाला वाचून दाखवायचं आणि खाली सही घ्यायची. माझ्याकडे आले तेव्हा मी भांडी घासून राहिली होती, डोकं तापलेलं. मी म्हटलं, त्या बिल्डरले म्हणा, रेती सडकेवर कशाले टाकतं, तुह्या टकलावर टाक, तिथं मस्त मोकळी जागा हाय. त्यांनी ते लिहून घेतलं. मला काय माहीत माणूस तेच नेऊन वाचणार आहे.

बिल्डरच्या ऑफिसात त्यांच्याबरोबर दोघं जण गेले होते, त्यांनी येऊन सांगितलं. गुरुजींनी उभं राहून वही उघडली आणि एकेकाचं नाव घेऊन वाचायला सुरुवात केली. सात नंबर प्लॉटच्या काकांना बोलता बोलता खोकला आला होता, तर गुरुजींनी तिथे थांबून ‘इथे खोकला’ असं वाचलं. मग माझी पाळी आली. बिल्डर खरोखरच टकला निघाला. गुरुजींनी माझं वाक्य सबंध वाचलं, वहीतून वर पाहिलं आणि पुढच्या नावाकडे गेले. बिल्डर लाल झाला. तो म्हणाला, गुरुजी, तुम्ही शिकलेले माणूस, तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते तरी सांगा.

गुरुजी म्हणाले, “माझं म्हणणं मला कोणी दिलेलं नाही.”

चार दिवसांत रेती उचलली. बिल्डर मात्र पुढे वर्षभर मला पाहिलं की टोपी घालायचा.

तेव्हापासून लेआउटला चटकच लागली. अवघड काम निघालं की पाठवा गुरुजींना. एका मे महिन्यात लेआउटमधल्याच एकाच्या मुलीचं लग्न सीताबर्डीजवळच्या हॉलमध्ये भर दुपारच्या मुहूर्तावर होतं. पंचेचाळीस डिग्री ऊन. कोणालाच जायचं नव्हतं. बावीस घरांनी गुरुजींना सांगितलं, आमच्यातर्फे तुम्हीच आशीर्वाद देऊन या. मी माझ्या मैत्रिणीच्या नात्यातलं लग्न म्हणून गेले होते, त्यामुळे पुढचं डोळ्यांनी पाहिलं. गुरुजी स्टेजवर चढले, खिशातून यादी काढली आणि एकेका घराचं नाव घेऊन नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला लागले. नऊ नंबर, मेश्राम कुटुंबातर्फे. दहा नंबर, गावंडे कुटुंबातर्फे. मागे शंभर माणसांची रांग. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली ठेवून पाणी प्यायलं. नवरदेव आधी हसत होता, चौदाव्या घरापासून तो मोजायला लागला. मग मुलीच्या बापानं हात जोडून त्यांना जेवायला नेलं. मी ताटावर त्यांना म्हटलं, गुरुजी, बावीस घरांचं जेवण बाकी आहे, सुरू करा. ते गंभीरपणे म्हणाले, “नाही कंडक्टरबाई. जेवायला प्रतिनिधी चालत नाही.” आणि एक पोळी, थोडं वरण-भात खाऊन उठले.

त्या वेळचे आमचे नगरसेवक एकदा लेआउटमध्ये सिमेंटच्या बाकाचं उद्घाटन करायला आले. चांगला हसतमुख माणूस होता. त्यांची ओळख करून द्यायचं काम आम्ही साहजिकच गुरुजींना दिलं. गुरुजी माइकवर म्हणाले, आपण सगळे सभागृहात एकदम मावलो असतो तर यांची गरज नव्हती. मावत नाही, म्हणून आपल्या गैरहजरीत आपल्या जागी ठेवलेले हे गृहस्थ. आणि मग अक्षता आणि दागिना. नगरसेवक हसत होते ते हसतच राहिले, हसू आवरावं की ठेवावं हे त्यांना कळेना. जाताना गुरुजींचा हात धरून म्हणाले, गुरुजी, पुढच्या वेळी दागिनाच म्हणून टाका न, आज घरचे ऐकून राहिले होते.

असे आमचे गुरुजी. आता गिरजाबाईचं सांगते, कारण हे सगळं मी तिच्यासाठीच सांगून राहिली आहे.

गिरजाबाई निमजे गुरुजींची शेजारीण. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. कोष्ट्याच्या घरातली, उमरेडकडची, नवरा गेल्यावर एकटी राहणारी. मागच्या अंगणात टिनाच्या शेडमध्ये तिचा हातमाग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, खाली पायांनी पावड्या दाबायच्या, वर हातानं धोटा फेकायचा. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत खटक-खट, खटक-खट. सुती लुगडी, पंचे विणायची. बोलणं फार कमी. लेआउटच्या मीटिंगला यायची ती दाराजवळ उभी राहायची आणि सगळ्यांच्या आधी निघून जायची.

मग रिठे साहेबांनी तिच्या घरासमोर तीन मजली घर बांधलं. रिठे साहेब मोठ्या पदावरून रिटायर झालेले, सकाळी फिरायला जातानाही फाइल हातात असल्यासारखे चालायचे. त्यांना मागाचा आवाज खटकला. राहत्या वस्तीत धंदा चालत नाही, म्हणून त्यांनी अर्ज टाइप केला आणि त्यांच्या मिसेस हळदीकुंकवाच्या ताटाबरोबर तो घरोघर घेऊन फिरल्या. चोवीस सह्या झाल्या. त्यांतली एक माझी. खोटं कशाला बोलू. दुपारची मालिका बघताना खटखट यायची, आणि मिसेस रिठेंनी वाणात स्टीलचा डबा दिला होता. मी सही केली आणि डबा फडताळात ठेवला.

महापालिकेच्या झोन ऑफिसातून सुनावणीचं पत्र आलं. तक्रारदारांतर्फे कोण बोलणार? ठरलेलंच, गुरुजी.

गिरजाबाईला कोणीतरी पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिला कळलं. तो माग उचलून दुसरीकडे नेण्यासारखा नव्हताच, तो जमिनीतच बसवलेला. बंद झाला तर तिला उमरेडला पुतण्याच्या घरी जाऊन कोपऱ्यात बसावं लागणार होतं. चालते हात असलेल्या बाईला कोपरा म्हणजे काय असतो, हे मला सांगायला नको. सुनावणीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी ती गुरुजींच्या ओट्यावर आली. मी समोरून झाडांना पाणी देऊन राहिली होती, सगळं ऐकू आलं.

ती म्हणाली, “गुरुजी, माह्याकडून तुमीच बोला न जी. मले साहेबायपुढं तोंड उघडत नाही.”

गुरुजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, “मी त्यांच्या जागी आहे, गिरजाबाई. तुमच्या जागी मला बसता येणार नाही.”

ती उठली आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. माझी तार सटकली. पाइप तसाच टाकला आणि रस्ता ओलांडून गुरुजींवर तुटून पडले. असला कसला तुमचा प्रतिनिधी, म्हटलं. त्या बाईचे हात तोडायला निघाले तुम्ही, आणि वर पोथी सांगता? तुमच्या देवभाताला आग लावा. गुरुजी ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, “कंडक्टरबाई, तुमची पण सही आहे.” मी परत आले. पाइपनं अर्ध्या रस्त्यात तळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकल धरून निघाले. चोवीसही घरी गेले. प्रत्येक घरी एकच बोलले, की तुमची सही आहे पण तुमचं म्हणणं माझ्या वहीत नाही. सहीला तोंड नसते. ते मी माझ्या मनचं कसं बोलू? उद्या अकराला झोन ऑफिसात तुम्ही स्वतः या. रिठे साहेब म्हणाले, मग तुम्हाला नेमलं कशाला? गुरुजी म्हणाले, तुम्ही गैरहजर असाल म्हणून. ज्यांनी कामाची सबब सांगितली त्यांना ते म्हणाले, ठीक आहे, मी सुनावणीत तुमचं नाव वाचून गैरहजर म्हणून सांगीन, बाईच्या देखत. दुपारपर्यंत त्यांनी तीन चकरा मारल्या. त्यांच्या बोलण्यात ‘मले’ यायला लागलं होतं. लोकांना कळलं, आता जावंच लागेल.

सुनावणीच्या सकाळी मी पाच ऑटो बोलावले आणि जुन्या सवयीनं माणसं मोजून भरली. एकवीस निघाली, बाकीचे आपापल्या गाडीनं आले. गिरजाबाईला माझ्याच ऑटोत घेतलं. ती कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसली, सबंध वाटेत माझ्याशी बोलली नाही.

सुनावणी घेणाऱ्या मॅडम तरुण होत्या. एवढी गर्दी पाहून त्यांनी आधी खुर्च्या मागवल्या, मग खुर्च्या संपल्या तेव्हा बाक मागवला. मग विचारलं, तक्रारदारांचा प्रतिनिधी कोण? गुरुजी उभे राहिले.

“मी. पण मूळ माणसं हजर आहेत. मूळ असताना माझं काम नाही.” आणि खाली बसले.

मॅडमनी अर्ज उघडला आणि सह्यांच्या क्रमानं एकेकाचं नाव घ्यायला लागल्या. गिरजाबाई समोर बाकावर बसलेली, सगळ्यांना तिच्याकडे बघतच बोलावं लागत होतं.

पहिले रिठे साहेब. ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, लोकांचं असं म्हणणं आहे की… मॅडम म्हणाल्या, लोक इथेच बसले आहेत, तुमचं सांगा. रिठे साहेब म्हणाले, माझं विशेष नाही, पण मिसेसला दुपारी फार त्रास होतो. मिसेस रिठे मागून म्हणाल्या, मला कुठे त्रास होतो, मी तर दुपारी वरच्या मजल्यावर एसीत असते. रिठे साहेब बसले. मग गावंडे उठले आणि म्हणाले की आमच्या पोरीच्या लग्नात आम्ही गिरजाबाईकडूनच लुगडी घेतली होती, आवाज आहे पण एवढा नाही. सात नंबरच्या काकांना खोकला आला आणि ते खोकतच खाली बसले. मेश्राम म्हणाल्या, सगळ्यांनी केली म्हणून मी केली. तसे सगळेच म्हणायला लागले. चौथ्या-पाचव्या माणसानंतर प्रत्येक जण नाव घेतल्याबरोबर मान खाली घालून म्हणायचा, माझं काही नाही. माझी पाळी आली. तीस वर्षं भरलेल्या गाडीच्या टोकापर्यंत जाणारा माझा आवाज समोरच्या टेबलापर्यंत पोचेना. मी कसंबसं म्हटलं, मॅडम, माझी सही खोडा. मी मालिका बघत होते.

मग मॅडमनी गिरजाबाईला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे? ती उठली. पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरले. मला वाटलं, आता ही पळून जाते.

“मले दुसरं काही येत नाही, मॅडम,” ती म्हणाली. “माग बंद झाला तर मी बसून काय करू?” मग रिठे साहेबांकडे बघून म्हणाली, “यायच्या घरी तीन कूलर हायेत. त्यायचा आवाज मले येते. मी कधी काही म्हटलं नाही.”

मॅडमनी पेन उचललं. म्हणजे तक्रार कोणाचीच नाही तर, असं त्या म्हणाल्या, आणि फाइल बंद करणार एवढ्यात मागून आवाज आला.

“एक आहे. माही.”

भोयर गुरुजी उभे होते. त्यांनी वही खुर्चीवर ठेवली होती, कानावरची पेन्सिल काढून वहीवर ठेवली होती. हात रिकामे, आणि ते कुठे ठेवावे हे त्यांना समजत नव्हतं.

“या अर्जावर माही सही नाही,” ते म्हणाले. “पण तक्रार खरी माहीच हाय. चार वर्सं झाले, मले दुपारी झोप नाही. कूलर मले सोसत नाही, खिडकी उघडी ठेवा लागते. दोन ते चार डोकं ठणकते. मी कोणाले बोललो नाही.”

ज्या माणसानं आमच्या खोकल्यासकट आमचं बोलणं जगभर पोहोचवलं, त्याला स्वतःचं एक वाक्य भिंतीपलीकडे नेता आलं नव्हतं. मला त्यांची इतकी दया आली की मी रडले, सांगायला लाज नाही वाटत.

गिरजाबाई त्यांच्याकडे वळली. “मंग मले सांगाचं होतं न गुरुजी. भित तर एकच हाय.”

“नाही सांगता आलं वं.”

“दोन ते चार बंद ठेवीन,” ती म्हणाली.

झालं. मॅडमनी दोन ओळी लिहिल्या, दोघांच्या सह्या घेतल्या आणि आम्हाला घरी जायला सांगितलं. परतीच्या वेळी ऑटोत गिरजाबाई माझ्याशी बोलली. म्हणाली, त्या वाणाच्या डब्यात काय ठेवता? मी म्हटलं, काही नाही, रिकामा आहे.

गुरुजींनी त्याच आठवड्यात प्रतिनिधीपद सोडलं. आम्ही खूप मनधरणी केली. ते म्हणाले, ज्याला आपलं सांगता येत नाही त्यानं दुसऱ्याचं सांगू नये, मला आधी शिकू द्या. नवा प्रतिनिधी कोणी झाला नाही. काम निघालं की ज्याचं त्यानं जायचं, अशी रीत पडली. कामं पहिल्यापेक्षा कमी झाली आणि भांडणं वाढली, हे कबूल करायला हवं.

दुपारी दोन वाजले की माग थांबायचा, आणि पाच मिनिटांत उघड्या खिडकीतून गुरुजींचं घोरणं सुरू व्हायचं. बापरे, काय घोरणं ते. पार चौदा नंबरपर्यंत ऐकू जायचं. गिरजाबाई ओट्यावर बसून सूत सोडवत ऐकायची आणि मला म्हणायची, बाई, माह्या मागापेक्षा हेच मोठं हाय, पण तक्रार कोण करन? रिठे साहेबही हसायचे. चांगली दोन वर्षं ते घोरणं आमच्या दुपारचं घड्याळ होतं.

मग गुरुजींची तब्येत उतरायला लागली. धाप लागायची, सायकल घरातच राहिली. एके दिवशी मुलगा गाडी घेऊन आला, हॉस्पिटलात न्यायचं ठरलं होतं. अडीच वाजले असतील. मी आणि गिरजाबाई गेटाशी उभ्या होतो. गुरुजींना मागच्या सीटवर बसवलं. गळ्याचं बटन लावलेलंच होतं. गाडी सुरू झाली, दहा पावलं गेली आणि गिरजाबाईच्या घरासमोर थांबली. काच खाली आली. आम्ही दोघी पुढे गेलो.

“माग चालव,” ते गिरजाबाईला म्हणाले.

ती म्हणाली, “चारला लावीन जी. आता दोन ते चार हाय.”

“मी घरी नाही आजपासून. दोन घंटे काहून वाया घालवतं? चालव.”

“तुमी आले का मंग बंद करीन.”

“आलो का सांगीन,” गुरुजी म्हणाले. “आता येते मले सांगता.”

त्यांनी मुलाला हातानं थांबवलं, गाडी जाऊ देईनात. गिरजाबाई मागच्या अंगणात गेली. खटक-खट सुरू झाली तेव्हाच त्यांनी काच वर केली. गाडी लेआउटच्या कोपऱ्यावर वळली. पाठच्या काचेतून त्यांचा पांढरा दुपट्टा दिसला, तेच त्यांचं शेवटचं दर्शन. नवव्या दिवशी ते गेले.

त्या दुपारी गाडी दिसेनाशी झाली आणि माग थांबला. मला वाटलं धागा तुटला असेल. शेडमध्ये जाऊन पाहिलं तर गिरजाबाई खड्ड्यात पाय सोडून नुसती बसली होती, धोटा मांडीवर. मी म्हटलं, काय झालं वं, चालव म्हणून सांगून गेले न ते?

ती म्हणाली, “गाडीत झोपले असतीन.”